सोलापुरात राहून भरतनाट्यम हेच पूर्णवेळ काम जमतं का?

पूर्वभागची_पोर
नमस्कार, मी 24 वर्षांची, सोलापूर, पूर्व भागात राहते, घरी तेलुगू पण शाळा सगळी मराठीत. गांधर्वची भरतनाट्यमची विशारद परीक्षा पूर्ण झाली गेल्या वर्षी. बीकॉम केलंय, सकाळी एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते अन संध्याकाळी जुळे सोलापुरात हॉल भाड्याने घेऊन क्लास घेते, 31 मुली आहेत. नोकरी सोडून फक्त डान्सच करावा असं लई मनात आहे. वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत, ते नको म्हणत नाहीत पण रोज जेवताना विचारतात "मग काय ठरवलीस", आणि मला खरंच उत्तर देता येत नाही.

पहाटे 5 ला गच्चीवर प्रॅक्टिस करते, ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी तीही होत नाही, मग ऑफिस, मग 5 ते 8 क्लास. तीन तास तट्टुकळी, म्हणजे ताल धरायची काठी, हातात घेऊन तेय्या तेय म्हणत बसते, मुलींचे अडवू, म्हणजे नाचाच्या मूळ हालचाली, दुरुस्त करते, पण माझं स्वतःचं वर्णम, कार्यक्रमातली सगळ्यात मोठी रचना, गेले चार महिने एकदाही सलग केलेलं नाही. मध्ये एकदा करायला गेले तर दुसऱ्या जतीनंतर, म्हणजे बोलांवर नाचायच्या दुसऱ्या तुकड्यानंतर, धाप लागली, मला रडूच आलं. सगळ्यांचं असं होतं का? दुसरं म्हणजे उजव्या नडगीत दुखतंय, डिसेंबरच्या गॅदरिंगपासून, हॉलला ग्रॅनाईट आहे. पुण्याला जावं का इथंच राहावं, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

विजापूररोड_ताई
बाळा, मी 19 वर्षं सोलापुरात शिकवतेय, दुसरं काही काम केलं नाही, तेव्हा जमतं. पण कसं जमतं ते नीट ऐक.

पैसा वर्षभर सारखा येत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या गॅदरिंगमध्ये जे मिळतं त्यावर एप्रिल-मे काढायचा असतो, कारण उन्हाळ्यात निम्म्या मुली मामाच्या गावाला जातात आणि पारा 42 च्या वर गेला की उरलेल्यांना पण आया पाठवत नाहीत, त्यांचंही बरोबरच आहे. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून मुली परीक्षेपर्यंत टिकतात आणि नंतर थांबतात, त्यामुळे तुझ्या 31 मधल्या दहावी झाल्यावरही येणाऱ्या किती ते मोज, तो खरा आकडा. आणि सहा महिन्यांचं हॉलचं भाडं बाजूला असल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नकोस.

आता वर्णमचं. माझं सात वर्षं असंच झालं होतं, रोज नाचात असायचे पण नाचत नव्हते. शिकवताना आपण अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसून, दाखवतो ते दोन आवर्तनं, मग उभं राहून बघतो, शरीराला तेवढीच सवय लागते, तीस-चाळीस मिनिटांचं वर्णम अंगातून निघूनच जातं. मग हुतात्मा स्मृती मंदिरात एक कार्यक्रम ठरला, पुण्याहून मृदंगम आणि गायिका आल्या, आणि तालमीला मी तिसऱ्या जतीत अडवू सोडले. ठेका चुकला नव्हता, पायच उठले नाहीत. मृदंगमवाले काका वयाने मोठे, ते काही बोलले नाहीत, फक्त लय कमी केली माझ्यासाठी. ते मला अजून लागतं. त्या महिन्यापासून मी दर दुसऱ्या शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गुरूंकडे जाते अन संध्याकाळी परत त्याच गाडीने येते, क्लास बंद ठेवते, फी कापली तरी चालेल म्हणून पालकांना सांगून ठेवलंय, एकानेही आजवर कापली नाही. तुझ्या आठवड्यात असा एक दिवस आधी ठेव, नोकरीचं नंतर बघ.

घोटा_आणि_गुडघा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, फक्त नडगीबद्दल लिहितो. अंगठ्याने दाबून बघा. दुखणं हाडाच्या कडेने वीतभर पसरलेलं असेल तर बहुतेक स्नायूंचा ताण. पण एकाच बोटाएवढ्या जागी कळ येत असेल, रात्री झोपेत पण ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, त्यावर नाचू नका, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या एक्सरेत ती चीर पुष्कळदा दिसत नाही, म्हणून एक्सरे क्लिअर आला तरी दुखणं असेल तर पुन्हा विचारा. भरतनाट्यममध्ये तळपाय सपाट आपटतो आणि खाली दगड असला की सगळा धक्का हाडात जातो. ग्रॅनाईटवर सतरंजी टाकून उपयोग नाही, उलट पाय घसरतो.

तिल्लाना_पुणे
मी मूळची सोलापूरची, पुण्यात 6 वर्षं ग्रुपमध्ये नाचतेय. पुण्याला आलीस तर रोज सोबत नाचणारे मिळतात ही फार मोठी गोष्ट आहे, पण प्रयोगाचे पैसे मिळतात, तालमीचे नाही, आणि एका प्रयोगामागे महिनाभर तालमी असतात. मी पण भाड्यासाठी संध्याकाळी लहान मुलींचे क्लासच घेते, म्हणजे जे तू तिथं करतेस तेच, फक्त भाडं तिप्पट.

पण तुझी एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. तू घरी तेलुगू बोलतेस! आमच्याकडे पदम, म्हणजे अभिनयाचं गाणं, शिकवताना सगळ्या मुली वहीत देवनागरीत शब्द आणि खाली अर्थ लिहून घेतात आणि मग त्या अर्थावर चेहरा करतात. क्षेत्रय्या या कवीची पदं तेलुगूत आहेत, 17 व्या शतकातली, कितीतरी वर्णंही तेलुगूत, तंजावरला आपल्या मराठा राजांच्या दरबारातसुद्धा तेलुगू रचना चालायच्या. नायिका "रा" म्हणते म्हणजे ये म्हणते, ते तुझ्या आईने तुला हजार वेळा म्हटलंय, रागावून, लाडाने, थकून. आम्हाला तो एक शब्द पाठ करायला लागला. तू वर्णम परत उभं करतेच आहेस तर सोबत एक पदम घे, त्यात पाय कमी लागतात, नडगी बरी होईपर्यंत तेच कर.

पूर्वभागची_पोर
ताई, तुमचं दोनदा वाचलं. काल मोजलं, दहावीनंतरच्या फक्त 4 मुली आहेत. म्हणून नोकरी मार्चपर्यंत ठेवतेय, शनिवारचं गुरूंशी बोलले, त्या हो म्हणाल्या.
नडगीत एकाच जागी कळ आहे, सोमवारी दाखवतेय. हॉलमालक लाकडी फ्लोअर करू देतायत पण खर्च माझा, खाली रबर आणि वर 18 एमएम प्लाय असं सुतार म्हणतोय, सोलापुरात कुणी केलंय का?
आणि पदमचं, काल रात्री आईला शब्द वाचून दाखवले तर ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली हे तर आमच्या आजी बोलायच्या तसं आहे, मग तिनेच एका ओळीचा अर्थ सांगितला, मी लावला होता त्याहून वेगळा. आज पहाटे तेवढी एकच ओळ केली, बसून.