पोरांना 'टफ' करायचं म्हणजे कानाखाली मारायची का?

वाईचा विंगर: काल ग्रुपवर एका काकांनी टाकलंय, "रग्बीची पोरं मऊ झालीत, टॅकल (समोरच्याला धरून पाडणं) चुकला की पन्नास जोर-सपाटे आणि एक कानाखाली, मेंटल टफनेस आपोआप येतो." डोकंच फिरलं. मी हा मार खाल्लाय, त्यातनं एकच शिकलो, कोच बघत असला की बॉल मागायचा नाही, बॉल नाही तर चूक नाही. २००७ च्या वर्ल्डकपला न्यूझीलंड क्वार्टर फायनलला फ्रान्सकडून २०-१८ हरलं, ती पोरं काय मऊ होती? त्यांनी कोच हाकलला नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडनं शिकले, तापलेलं डोकं लाल, थंड डोकं निळं, लाल झालं की श्वास घ्या, पाय रोवा, लांब बघा. २०११ च्या फायनलला त्याच फ्रान्सला ८-७.

तालमीतला: लाल-निळं, रंगपंचमी हाय का? आमच्या कुस्तीतल्या खाशाबा जाधवांना कुठं होता असला डॉक्टर? १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमधनं ब्राँझ आणलं.

कराडकर: आणि १९४८ ला लंडनला सहावे आले ते? मातीत खेळलेले, मॅटची सवय नव्हती. जशी मॅच तसा सराव पाहिजे. बाय द वे खाशाबा आमचे, गोळेश्वर कराड तालुक्यात.

कोल्हापूरचा जावई: गाव तुमचं, घडले राजाराम कॉलेजात. त्यांना हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, कराडनं काय टाकलं?

कराडकर: वर्गणी दिली की! आणि मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या.

कोल्हापूरचा जावई: मेडल आल्यावर बैलगाड्या कोणपण जुंपतंय.

सांगलीची आई: खाशाबा राहूद्यात जरा. माझी मुलगी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी खेळते. डोक्याला लागलं तरी "काय नाही" म्हणत खेळली, का तर कोच रडूबाई म्हणतात. रात्रभर उलट्या. डोक्याला लागलं की बाहेर, त्या दिवशी परत नाही, एवढं कळत नाही त्यांनी टफनेस शिकवायचा?

तालमीतला: डोक्याचं मान्य ताई. सपाटे ऱ्हाणार.

वाईचा विंगर: मारा की सपाटे, शिक्षा म्हणून नको. मी पोरं दमल्यावर शेवटी मॅच लावतो, पाच पॉइंटनं मागं, एकाला पिवळं कार्ड, दोन मिनिटं सहा जणांनी खेळायचं आणि काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं, मी गप्प. पहिल्यांदा नुसती भांडली, एक तर रडला. चौथ्या शनिवारी कॅप्टननं न ओरडता सगळ्यांना गोळा केलं.

तालमीतला: म्हंजे गप बसायला कोच. भारी नोकरी हाय. येतो बघायला शनिवारी, पटंलच असं नाही.

कराडकर: घर गहाण टाकलं ते मान्य. पण गोळेश्वर कराड तालुक्यातच आहे.