पेस्टोत पाइन नट्सऐवजी काय घालता? अनुभव लिहा

गच्चीतलं बेसिल सध्या जोरात वाढलंय, खुडलं नाही तर फुलावर येतं आणि मग पानांची चव उतरते, त्यामुळे पेस्टो, म्हणजे बेसिलचा इटालियन सॉस, सारखा होतोय. अडतंय ते पाइन नट्सवर. त्यांच्या जवळचा आपल्याकडे चिलगोजा, किन्नौरकडून येतो, पण भाव बदामाच्या कितीतरी पट. जेनोवाच्या मूळ कृतीत बेसिल, पाइन नट्स, लसूण, पार्मेजान आणि पेकोरिनो ही चीजं, ऑलिव्ह ऑइल आणि जाडं मीठ, बास, तेही संगमरवरी खलात कुटून. पण सिसिलीत त्रापानीला बदाम-टोमॅटो घालतात, ब्रोन्तेला पिस्ते, आणि फ्रान्सच्या पिस्तूत, म्हणजे तिकडच्या पेस्टोत, तर दाणाच नसतो. म्हणजे बदल करायला हरकत नसावी. तुम्ही काय घालता, चव कशी येते, सविस्तर लिहा.

---

आमच्याकडे काजू, दुसरं काही नाही. वेंगुर्ल्याकडची माणसं आम्ही, घरात काजूकणी असतेच, अख्खा काजू यासाठी फोडायची गरज नाही. भाजायचा नाही आणि भिजवायचा तर अजिबातच नाही, भिजवला की ग्रेव्हीसारखं पांढुरकं गुळगुळीत होतं आणि बेसिल मागे पडतं. काजू मुळात गोडसर, म्हणून लसूण थोडी वाढवते आणि शेवटी लिंबाचे दोन थेंब. पाइन नट्सचा मऊ लोण्यासारखा गुण मला यातच सगळ्यात जवळचा वाटतो.

---

ताई, चारोळी घालून बघा!! मी नागपूरची, आमच्याकडे जंगलातली चारोळी येते. आकार लहान, दाणा मऊ, तेल भरपूर, कोरड्या तव्यावर मंद आचेवर जरा हलवली की जो वास सुटतो तो थेट भाजलेल्या पाइन नट्सच्या वळणाचा. फक्त घेताना दाताखाली एक दाणा चावून बघा, चारोळी फार लवकर खवट होते आणि एक खवट मूठ सगळी बरणी वाया घालवते. स्वस्त नाही, पण चिलगोज्याएवढी महागही नाही आणि लागते मूठभरच.

---

मी जर्मनीत असतो, इथे पाइन नट्स सहज मिळतात तरी मी अक्रोडावर आलो. एकदा एका दुकानातून आणलेले पाइन नट्स खाल्ले आणि दुसऱ्या दिवसापासून जे तोंडात घालावं ते कडू, धातूसारखं, अगदी पाणीसुद्धा. याला पाइन माउथ म्हणतात, चीनकडच्या पिनस आर्मांडी या जातीशी त्याचा संबंध लावतात, आपोआप जातं पण काही दिवस जेवणाची मजाच जाते. अक्रोड भाजून गरम असतानाच फडक्यात गुंडाळून चोळतो, सालं बरीचशी निघतात आणि तुरटपणा कमी होतो. पास्त्यापेक्षा बटाट्याबरोबर हा पेस्टो जास्त खुलतो असं माझं ठाम मत.

---

शेंगदाणे कोणी घालत असेल तर कृपया नको, मग ती बेसिलची चटणी होते. चांगलीच लागते, भाकरीबरोबर तर फारच, पण पेस्टो नव्हे.

---

लेकीला नट्सची ॲलर्जी आहे म्हणून आमचा सगळा पेस्टो बियांचा. सूर्यफुलाच्या बिया स्वस्त, पण चव जराशी मातकट, भाजल्या तरच बऱ्या. भोपळ्याच्या बियांनी रंग मस्त गडद हिरवा राहतो. आणि सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), मिठाईवाले वापरतात तोच, अगदी सौम्य, बेसिलला पुढे येऊ देतो. पाकीट घेताना त्याच कारखान्यात नट्स हाताळतात का हे लेबलवर नक्की वाचा, घरी ॲलर्जी असेल तर हे वाचल्याशिवाय काहीच आणू नका. तीळ चालतात पण त्यांचीही ॲलर्जी असू शकते. जवस नको, चिकट होतो.

---

दाणा कुठलाही घ्या, आधी तो आणि लसूण फिरवा, मग बेसिल आणि मिक्सर थांबत थांबत चालवा, भांडं गरम झालं की पानं काळी पडतात. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल मात्र शेवटी हातानेच ढवळून घाला, मिक्सरच्या वेगाने ते कडवट होतं आणि लोक उगाच अक्रोडाला दोष देतात. जास्तीचा पेस्टो चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लसूण-तेलाचं मिश्रण ओट्यावर ठेवू नका.

---

धागाकर्ती: किती छान माहिती! उद्या काजूकणी आणि मगज निम्मं निम्मं करते. बदामाचं कोणी लिहिलं नाही, सालं काढायची का?

---

काढायची. उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून गार पाण्यात टाका, चिमटीत दाबलं की बदाम सटकन बाहेर येतो. नंतर पूर्ण कोरडे करून मगच वाटा. बदाम कडक, म्हणून थोडं रवाळच राहतं, त्रापानीवाले तसंच ठेवतात. टोमॅटो घालणार असाल तर सालं आणि बिया काढून घाला, नाहीतर पाणी सुटतं.