फाउंड्रीच्या आयटी खात्याला व्हॅल्यू चेन लावावी का?

शिरोलीकर:
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कोल्हापूरकडच्या कुठल्याही एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा (ओतकाम कारखान्याचा) आयटीचा मासिक अहवाल घ्या. तिकिटं (म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी आणि मागण्या) किती आली, किती मिटली, सर्व्हर किती टक्के चालू होता. गाडी वेळेत गेटबाहेर पडली का, हे त्यात नसतं. माझं म्हणणं असं की आयटीची कामं हेल्पडेस्क, नेटवर्क, ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) अशी खात्यांत तोडून न बघता साखळी म्हणून बघावीत: काम एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना त्याचं मोल कसं वाढतं, हीच व्हॅल्यू चेन. व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९८५ मध्ये ही मांडणी अख्ख्या कंपनीसाठी केली. ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या आयटी४आयटी या मानकानं २०१५ मध्ये ती आयटीच्या कामाला लावली.

नवा पार्ट घ्या. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे ईआरपीतल्या पार्टच्या मूळ नोंदीत, ड्रॉइंग रिव्हिजन, एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), वजन, दर भरायचे. प्रत्येक टेबलावरचं काम समजा पंधरा मिनिटांचं, पण फॉर्म फिरण्यात तीन दिवस जातात. आणि प्रत्येकाचं तिकीट मात्र 'वेळेत' मिटलेलं!

उद्यमनगर:
सहमत नाही. साखळीत माल एकाच दिशेनं सरकतो. बिघाड शोधणं तसं नसतं. ई-इनव्हॉइसचा आयआरएन (सरकारी पोर्टल बिलाला देतं तो नोंदणी क्रमांक) येत नाही म्हटलं की ग्राहकाचा जीएसटी नंबर रद्द आहे का, पिनकोड राज्याशी जुळतो का, पोर्टलची जोडणी तुटली का, हे बघायचं. एक अंदाज चुकला की परत मागे यायचं. स्टाबेल आणि फ्येल्डस्टाड या अभ्यासकांनी १९९८ मध्येच अशा कामाला साखळी लागू होत नाही म्हणून 'व्हॅल्यू शॉप' (अडचण सुटेपर्यंत मागे-पुढे फिरणारं काम) अशी वेगळी मांडणी केली. आयटीचं निम्मं काम याच जातीचं आहे. त्याला टप्पे आणि मिनिटं लावली की पोरं मूळ कारण न शोधता तिकीट बंद करून मोकळी होतात.

शिरोलीकर:
आयआरएनचंच धरू. पोर्टलवर आयआरएन तयार होतो, पण उत्तर परत येताना जोडणी तुटते. ईआरपीत काही दिसत नाही, म्हणून डिस्पॅचवाला परत बटण दाबतो. मग २१५० एरर येतो, म्हणजे या बिलाचा आयआरएन आधीच झालेला आहे. गाडी भरून उभी असते, म्हणून नव्या नंबरचं दुसरं बिल काढतात. पहिलं पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात. ते हुकलं की जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रात) दोन्ही बिलं उतरतात आणि अकाउंट्सला महिनाअखेरीस कळतं. खरा उपाय सोपा आहे: २१५० आला की बिलाच्या तपशिलावरून जुनाच आयआरएन पोर्टलकडून मागून घ्यायचा. हा उपाय ईआरपीत बसवायचा कुणी? ईआरपीचा व्हेंडर म्हणतो मागणी नाही, आयटी म्हणते तिकीट मिटलं, अकाउंट्सला एरर दिसतच नाही. बिघाड एका टेबलावर, भुर्दंड तिसऱ्या टेबलावर. हे खात्यांच्या अहवालात कधीच दिसणार नाही.

कागल पंचतारांकित:
दादा, दुखणं बरोबर पकडलंत. पण चार माणसांच्या आयटीत सगळ्या साखळ्या एकदम मांडल्या तर भिंतीवर तक्ते लागतील, बाकी काही नाही. एकच साखळी घ्या, बिल ते गेटपास. सलग वीस डिस्पॅच घ्या. प्रत्येक हस्तांतराला दोन वेळा लिहा: कागद आला कधी, हात लागला कधी. तिसऱ्या रकान्यात परत आला का आणि कशामुळे. आणि तिकीट सॉफ्टवेअरमधला 'युजरकडे पेंडिंग' हा पर्याय आधी तपासा. तो निवडला की घड्याळ थांबतं आणि सगळी वाट बघण्याची वेळ तिथेच लपते. नवं टूल आत्ता अजिबात घेऊ नका.

उद्यमनगर:
एका साखळीपुरतं मान्य. बिघाडाच्या तपासाला मात्र मिनिटांचं टार्गेट नको. तोच बिघाड परत किती वेळा आला, एवढंच मोजा. बॅकअपमधून डेटा खरोखर परत उभा राहतो का, हे ज्यांनी अजून तपासलेलं नाही, त्यांनी ते आधी करावं.

शिरोलीकर:
परत येणारे बिघाड मोजण्याला माझा पाठिंबाच आहे. फक्त या साखळीची जबाबदारी आयटीवाल्याकडे नको, डिस्पॅचच्या प्रमुखाकडे द्या. गाडी थांबली की जाब त्यालाच द्यावा लागतो.