मदत हवी आहे : कर्नल ड्रायव्हरचा वेग वाढत नाही, सॅम्पल गळतात

कुपवाड_वर्कशॉप
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. हळद दळायच्या पल्व्हरायझरचं बेअरिंग जायच्या आधी कळावं म्हणून व्हायब्रेशन मोजायची पेटी करतोय. रास्पबेरी पाय ४ (छोटा लिनक्स संगणक) आहे, त्यावर सेन्सर वाचणारा ड्रायव्हर, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) मॉड्यूल, स्वतः लिहिलंय. सेकंदाला ३२०० सॅम्पल (मोजमापं) पाहिजेत, ८३० च्या वर जात नाही. आठ दिवस झाले. थ्रेडची प्रायॉरिटी वाढवली, एक कोअर त्याच्यासाठी बाजूला काढला, लॉगच्या ओळी काढल्या. फरक शून्य. फक्त ड्रायव्हर फास्ट कसा करायचा तेवढं सांगा. सोमवारी मशीनवर लावायचंय, "आधी पुस्तक वाचा" नको.

रात्रपाळी
कुठली बस, म्हणजे सेन्सर कुठल्या जोडणीनं बोलतो? आयटूसी, एसपीआय, यूएसबी? सेन्सर कुठला? कर्नल कुठला? यातलं एकही लिहिलेलं नाही.

आरटी_प्रेमी
रिअलटाइम कर्नल (ठरल्या वेळेत काम करायची हमी देणारा) टाका. ६.१२ पासून, म्हणजे २०२४ पासून, तो मूळ लिनक्समध्येच आलाय, वेगळा पॅच लागत नाही. माझ्या सीएनसीच्या कंट्रोलरला याच्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

कुपवाड_वर्कशॉप
सेन्सर एडीएक्सएल३४५ (हादरे मोजणारा). कर्नल ६.६. रिअलटाइम आज रात्री बिल्ड करून बघतो.

रात्रपाळी
थांबा, रात्र वाया घालवू नका. बस अजून सांगितली नाहीत. आणि टॉप कमांडमध्ये सीपीयूचा वापर किती दिसतो?

कुपवाड_वर्कशॉप
आयटूसी. सीपीयू ८५ टक्के रिकामा. म्हणून तर डोकं चालत नाही, प्रोसेसर मोकळा बसलाय आणि डेटा येत नाही.

रात्रपाळी
प्रोसेसर मोकळा आहे म्हणजे तो तारेची वाट बघतोय. स्पीड बदलला नसेल तर आयटूसी १०० किलोहर्ट्‌झवर असतो. एका सॅम्पलचे सहा बाइट वाचायला पत्ता, रजिस्टर (सेन्सरमधला कप्पा), परत पत्ता आणि डेटा मिळून ८१ क्लॉक (घड्याळाचे ठोके) जातात, म्हणजे ८१० मायक्रोसेकंद. तुमचं नवं सॅम्पल दर ३१२ मायक्रोसेकंदांना तयार होतं. त्यात तुम्ही "डेटा तयार आहे का" हे रजिस्टरही दर वेळी वाचत असणार. ते आणखी ३६ क्लॉक. बेरीज ११७० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ८५०. तुमचा आकडा ८३०. ड्रायव्हर नीट चाललाय, रस्ताच अरुंद आहे.

आरटी_प्रेमी
पण लेटन्सी (प्रतिसादाचा उशीर) कमी झाली तर काहीतरी वाढेलच ना?

रात्रपाळी
रिअलटाइममुळे "वेळेवर जाग येईल" याची हमी वाढते. तारेवरून जाणारे बिट वाढत नाहीत. तुमच्या सीएनसीला वेळ पाळायची होती, यांना माल जास्त न्यायचाय. दोन वेगळे आजार आहेत.

मार्केट_यार्ड
ड्रायव्हरमधलं मला कळत नाही, पण राजापुरी हळदीची धूळ मला चांगली माहितीये. पेटी हवाबंद घ्या, तारेच्या तोंडाला धूळ अडवणारी ग्लँड लावा. आमच्या गिरणीत पॅनेलच्या आत बोटभर पिवळा थर निघाला होता.

कुपवाड_वर्कशॉप
काका, पेटीचं नंतर बघू. रात्रपाळी, रजिस्टर वाचतोय हे बरोबर ओळखलंत. ४०० किलोहर्ट्‌झ करून बघितलं होतं, बस मधेच अडकते.

जुना_फर्मवेअरवाला
तार किती लांब आहे?

कुपवाड_वर्कशॉप
तीन मीटर. रास्पबेरी पाय भिंतीवर, सेन्सर मशीनवर.

जुना_फर्मवेअरवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला पाहिजे होतं. तार लांबली की कपॅसिटन्स वाढतो, आयटूसीची मर्यादा ४०० पिकोफॅरड, आणि शेजारी आवाज (विद्युत गडबड) करणारी थ्री फेज मोटर. सेन्सरजवळ एक एसटीएम३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) बसवा, तिथंच वाचा, आरएस४८५ (लांब तारेची जोडणी) वरून रास्पबेरी पायला पाठवा. लिनक्सला या कामात ओढूच नका. मी १५ वर्षं असंच करतोय.

रात्रपाळी
पद्धत चांगली आहे, पण सोमवारपर्यंत नवीन बोर्ड, नवीन फर्मवेअर आणि प्रोटोकॉल कोण लिहिणार? लिनक्सला हे काम जड नाही. ३२०० वेळा उठवायचं कशाला? सेन्सरमध्येच ३२ सॅम्पलचा फिफो (आधी आलेलं आधी बाहेर जाणारी साठवण) आहे.

कुपवाडकर, असं करा. रास्पबेरी पाय मशीनजवळ आणा, तार वीतभर ठेवा आणि आयटूसीऐवजी एसपीआय जोडा. डेटाशीटमध्येच लिहिलंय की ४०० किलोहर्ट्‌झच्या आयटूसीवर ८०० हर्ट्‌झच्या वर जाऊ नका, आणि ३२०० साठी एसपीआय किमान २ मेगाहर्ट्‌झ, जास्तीत जास्त ५. सेन्सरची इंटरप्टची (डेटा आल्याचा इशारा देणारी) पिन पायच्या जीपीआयओ पिनला जोडा, वॉटरमार्क (इतकी सॅम्पल साठली की इशारा) १६ ठेवा. मग सेकंदाला २०० च इंटरप्ट येतील. वाचन थ्रेडेड इंटरप्टमध्ये (थांबू शकणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये) करा, कारण एसपीआयची सिंक कॉल काम होईपर्यंत झोपू (थांबू) शकते.

एक खाच आहे, तिथं बरेच जण फसतात. १६ सॅम्पल एका दमात ओढता येत नाहीत. दर सहा बाइटनंतर फिफो पुढं सरकायला ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून एकाच एसपीआय मेसेजमध्ये १६ ट्रान्सफर बांधा, प्रत्येकानंतर चिप सिलेक्ट (सेन्सर निवडणारी तार) वर करून थोडा डिले द्या. मेसेज प्रोबच्या वेळी (ड्रायव्हर सुरू होताना) एकदाच तयार करून ठेवा, दर वेळी मेमरी मागू नका.

जुना_फर्मवेअरवाला
मशीनवर रास्पबेरी पाय ठेवला तर त्याचं एसडी कार्ड हादऱ्यानं सैल होईल. माझं म्हणणं कायम आहे.

मार्केट_यार्ड
हे बरोबर बोलले. खाली रबराची गादी द्या.

कुपवाड_वर्कशॉप
एसपीआय जोडला. सगळी शून्यंच येतायत. आता काय?

रात्रपाळी
एसपीआयचा मोड ३ (घड्याळ-डेटाची जुळवणी) लावलाय का? हा सेन्सर मोड ० वर बोलत नाही. आधी आयडी रजिस्टर वाचा, हेक्समध्ये ई५ आला पाहिजे. तो आल्याशिवाय पुढचं काही तपासू नका.

कुपवाड_वर्कशॉप
मोड ० च होता! ई५ आला. (दोन तासांनी) ३१८० येतायत, ओव्हररनचा (सॅम्पल सुटल्याचा) बिट एकदाही लागला नाही. सीपीयू ३ टक्के. पण ३२०० का नाही? २० कुठं गळतात?

रात्रपाळी
ओव्हररन नाही म्हणजे गळत नाहीत. ३२०० हा सेन्सरच्या आतल्या घड्याळाचा आकडा, आणि ते घड्याळ क्रिस्टलइतकं अचूक नसतं. इंटरप्ट आला त्या क्षणाचा टाइमस्टँप घ्या आणि एफएफटीला (फ्रिक्वेन्सी काढणाऱ्या गणिताला) प्रत्यक्ष दर द्या, नाहीतर बेअरिंगची फ्रिक्वेन्सी सरकलेली दिसेल.

कुपवाड_वर्कशॉप
टाइमस्टँप घेतला. रबराची गादीही आणतोय, काका. मोटर १४४० आरपीएमची, २४ हर्ट्‌झला टोक स्पष्ट दिसतंय.

आरटी_प्रेमी
तरी एकदा रिअलटाइमवर चालवून आकडे टाका. मला खरंच बघायचेत.