मदत हवी आहे: बेसबॉलमध्ये होतकरू पोरगा देऊन दोन महिन्यांपुरता पिचर (चेंडू फेकणारा) घ्यावा का?

मंडळी, बेसबॉलवाल्यांनी जरा समजावा. १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने पिचर डॉयल अलेक्झांडरसाठी २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला देऊन टाकला. अलेक्झांडर ९ सामने जिंकला, एकही हरला नाही. पण प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) मिनेसोटाने टायगर्सना गारद केलं. स्मोल्ट्झ मात्र पुढे थेट हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या यादीत! उलट २०१६ मध्ये शिकागो कब्जनी पिचर अरोल्डिस चॅपमनसाठी होतकरू ग्लेबर टोरेस न्यूयॉर्क यांकीजला दिला आणि १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज (अजिंक्यपद) जिंकली. चॅपमन त्याच हिवाळ्यात परत यांकीजकडे गेला, तरी मला तो सौदा पटतो.

करार संपत आलेला पिचर आणि मायनर लीगमधला (खालच्या स्तरावरचा) पोरगा, संघ यांचा हिशोब नेमका कसा मांडतात? वाइल्ड कार्डसाठी (गट न जिंकता प्लेऑफमध्ये मिळणाऱ्या जागेसाठी) धडपडणाऱ्या संघाने असा जुगार खेळावा का? निकाल बघून सगळेच शहाणे होतात; जुलैअखेर, अदलाबदलीची मुदत संपताना, जेवढं दिसतं तेवढ्यावरून सांगा.