मेक्सिको सिटीहून क्वेर्नावाका-तास्को डे ट्रिप, आईबाबांना झेपेल का?

डलासकर:
नमस्कार मंडळी, आईबाबा सध्या आमच्याकडे आलेत, थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला मेक्सिको सिटीला जायचं ठरतंय. त्यातला एक दिवस गाइडेड टूर घेऊन क्वेर्नावाका आणि तास्को करावं म्हणतोय, सकाळी सातला हॉटेलवरून पिकअप, रात्रीपर्यंत परत. आईचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहास म्हणजे जीव की प्राण, दोघंही पक्के शाकाहारी. कोणी केलीये का ही टूर? व्हिसा लागतो का? नुसतं बसमध्येच बसून राहायचं असेल तर राहू दे मग.

ऑस्टिनचा पुणेकर:
पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, त्यामुळे आईबाबांचं टेन्शन नाही. तू तुझं बघ! एचवनवर (नोकरीचा व्हिसा) असशील आणि पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपला असेल तर गडबड आहे, आय-७९७ च्या (मंजुरीच्या) कागदावर भागत नाही.

आता बसचं. क्वेर्नावाका ८५ किमीच आहे पण मेक्सिको सिटीतून बाहेर पडतानाच जीव जातो, मग हायवे ३००० मीटरच्या वर चढतो आणि तिथून पार १५०० पर्यंत खाली. सकाळी वरती गारठा असतो, स्वेटर हाताशी ठेवा. पुढे तास्को अजून दीड तास. म्हणजे जाऊन-येऊन पाच-सहा तास गाडीतच.

आणि टूरवाल्यांचा एक धंदा सांगून ठेवतो. आमच्या गाइडने क्वेर्नावाका अर्ध्या तासात उरकलं आणि तास्कोला चांदीच्या दुकानात आम्हाला बसवलं ते उठूच देईना, कमिशन असतं ना! बुक करतानाच दुकानात किती वेळ ते लेखी विचार. चारजण असाल तर सरळ गाइडसकट प्रायव्हेट गाडी कर. गेरेरो राज्याबद्दल अमेरिकन सरकारची ॲडव्हायजरी (प्रवाशांना दिलेला इशारा) कडक आहे, तास्को त्यातच येतं, निघायच्या आधी ताजी वाच आणि अंधार पडायच्या आत तिथून निघा.

वसईची पोर:
क्वेर्नावाकाच्या कॅथेड्रलवरून कोणी घाई केली तर सरळ भांडा 😄 बाहेरून किल्ल्यासारखं दिसतं, सोळाव्या शतकातला फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ आहे तो, युनेस्कोच्या यादीत १९९४ पासून. आत शिरलं की दोन्ही बाजूंच्या लांब भिंतींवर जपानची गोष्ट रंगवलीये! १५९७ मध्ये नागासाकीला सव्वीस ख्रिश्चनांना क्रुसावर चढवून मारलं ती. कैदी गाड्यांतून चाललेत, होड्या आहेत, पाण्यात मासे आहेत, सगळं चुन्याखाली गाडलं गेलं होतं ते गेल्या शतकात डागडुजी करताना सापडलं. मेक्सिकोच्या भिंतीवर हे का, तर त्या सव्विसांत मेक्सिको सिटीचा फेलिपे दे हेसूस होता, तो मनिलाहून मायदेशी निघालेल्या जहाजात होता आणि ते जहाज वादळात जपानला लागलं. आणि त्याच सव्विसांत आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया! ज्याचं चर्च वसई किल्ल्यात आहे तोच. आमच्या गाइडला हे माहीतच नव्हतं, मीच ग्रुपला सांगत बसले, बाबांना नक्की दाखव.

जवळच मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसचा राजवाडा, त्यात कम्युनिस्ट चित्रकार दिएगो रिवेराने १९३० मध्ये काढलेली भित्तिचित्रं, स्पॅनिश आले तिथपासून क्रांतीतला शेतकरी नेता सापातापर्यंत. पैसे दिले होते अमेरिकेच्या राजदूताने, म्हणजे गंमतच.

सॅन होजेची काकू:
गुडघ्यांचं मी सांगते. तास्को म्हणजे नुसता चढ-उतार, दगडी फरसबंदी, आणि गाइड पुढे पुढे पळतो. पण तिथे पांढऱ्या जुन्या बीटल गाड्यांच्या टॅक्सी आहेत, त्या बोळाबोळांतून सुसाट वर चढतात, पुढची सीट काढलेली असते बऱ्याचदा. ताईंना त्यात बसवा आणि चौकात सांता प्रिस्काच्या दारात उतरवा. खाणीत बक्कळ पैसा केलेल्या होसे दे ला बोर्दाने १७५१ ते ५८ मध्ये बांधलेलं चर्च ते, बाहेरून गुलाबी दगड, आत वेद्या वरपासून खालपर्यंत सोन्याने मढवलेल्या. डोळे फिरतात अगदी. बाकावर बसून बघता येतं, गुडघ्यांना तेवढीच विश्रांती.

चांदी घ्यायचीच असेल तर ९२५ चा (९२.५ टक्के चांदीचा) शिक्का बघून घ्या, 'अल्पाका' म्हणतात त्यात चांदी नसतेच. जेवणात राजमा चरबीत परतलेला असू शकतो आणि भाताला चिकनचं पाणी, म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका' (मांस नको, चिकन नको, चरबी नको) एवढं पाठ करा. चीज आणि निवडुंगाची केसाडिया मिळते, छान लागते. थेपले न्याच तरी.

डलासकर:
वा, खूपच कामाचं. वसईचं बाबांना आत्ताच सांगितलं, आता ते टूरचं वेळापत्रक स्वतः करायला बसलेत. प्रायव्हेट गाडीच करतो. रविवार की सोमवार?

ऑस्टिनचा पुणेकर:
सोमवार नको, सरकारी म्युझियमं बंद असतात, कोर्तेसचा राजवाडा त्यातच आला. रविवारी कॅथेड्रलला मिस्सा (प्रार्थना) असतात, त्या वेळात भिंती बघत फिरता येणार नाही. शुक्रवार जमतोय का बघ.