समलैंगिक स्त्रियांची दृश्यता : खासगी बाब की सार्वजनिक इतिहास?

रानजाई (धागाकर्ती)
२६ एप्रिल हा दिवस अनेक देशांत समलैंगिक स्त्रियांच्या दृश्यतेचा दिवस म्हणून साजरा होतो. आपल्याकडील वाचनालयांनी, महाविद्यालयांनी आणि स्त्री संघटनांनीही तो रीतसर कार्यक्रमपत्रिका छापून साजरा करावा, असे माझे ठाम मत आहे. या स्त्रियांना महाराष्ट्रात इतिहास आहे. तो सांगितला जात नाही, एवढेच. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले आणि त्यातील स्त्रीवर प्रेम करणारी नायिका सुमित्रा ऊर्फ मित्रा रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली. १९९५ मध्ये मुंबईत अशा स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला, तोच पुढे ‘लेबिया’ झाला. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत दोन स्त्रियांमधील प्रेम दाखवणाऱ्या ‘फायर’ चित्रपटाचे खेळ बंद पाडण्यात आले, आणि त्यानंतर काही दिवसांतच दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहासमोर झालेल्या निदर्शनांत एका फलकावर ‘भारतीय आणि लेस्बियन’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द झळकले. चित्रपटाची बाजू घेणाऱ्यांपैकीही अनेकांना हा केवळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून मांडायचा होता. त्या फलकाने मात्र हा हयात असलेल्या, याच देशात राहणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न आहे, हे सर्वांसमोर ठेवले. मला त्या फलकाचा अभिमान वाटतो आणि तो अभिमान चारचौघांत व्यक्त करता यावा, अशी माझी इच्छा आहे.

जुना वाचक
आपल्या भावनेचा आदर आहे, पण मत पटले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. आता कोणी कोणावर प्रेम करावे, हा त्या दोघींचा प्रश्न आहे; त्याचा उत्सव कशासाठी? शिवाय ज्या नाटकाचा आपण उल्लेख केला, त्यात मित्रा अखेरीस आत्महत्या करते आणि तिची गोष्ट सांगतो तो बापू, म्हणजे एक पुरुष. त्यात साजरे करण्यासारखे काय आहे?

रानजाई
नाटकाविषयीचा आपला आक्षेप मला मान्य आहे आणि माझ्या मागणीचे मूळही तिथेच आहे. या स्त्रियांनी स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली नाही, तर ती दुसरा कोणीतरी सांगतो, आणि बहुधा मरणाशी आणून संपवतो. राहिला खासगीपणाचा मुद्दा. नव्या नवरीला आपण भरल्या मांडवात उखाण्यात नवऱ्याचे नाव घ्यायला लावतो. तिचे प्रेम खासगी आहे, असे तेव्हा कोणीच म्हणत नाही. खासगीपणाचा आग्रह नेमका दोन स्त्रियांच्या वेळीच धरला जातो. १९२१ साली ब्रिटनच्या संसदेत स्त्रियांमधील संबंध गुन्हा ठरवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा उमराव सभेने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाने, तो फेटाळला. कायदा केला तर ज्या स्त्रियांना असे काही असते हे ठाऊकच नाही त्यांनाही ते कळेल, अशी भीती तिथल्या भाषणांत व्यक्त झाली होती. शिक्षेपेक्षा अनुल्लेख अधिक परिणामकारक ठरतो, हे त्या सभासदांना चांगलेच उमगले होते.

कृष्णाकाठ
मी तालुक्याच्या गावी माझ्या जोडीदारिणीबरोबर राहते. शेजारी आम्हाला मावसबहिणी समजतात आणि त्या समजुतीवरच आमचे भाड्याचे घर टिकून आहे. रानजाईताई, मुंबई-पुण्यात दिसणे आणि इथे दिसणे यांत फार अंतर आहे. मध्य प्रदेशातील लीला आणि ऊर्मिला या दोन महिला पोलीस शिपायांनी १९८७ मध्ये लग्न केले आणि ते उघड होताच त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. दृश्यतेची किंमत कोण मोजते, हे आधी ठरवा आणि मग पत्रिका छापा.

रानजाई
ताई, आपले नाव जाहीर करावे असे मी कोणालाही सांगणार नाही. तो निर्णय सर्वस्वी ज्याचा-त्याचा आहे. पण लीला-ऊर्मिलाची बातमी देशभर छापून आली आणि आपण एकट्या नाही, हे ती वाचणाऱ्या कितीतरी जणींना कळू शकले. २०२२ मध्ये केरळमध्ये घरच्यांनी ताटातूट केलेल्या दोघींना उच्च न्यायालयाने एकत्र राहण्याची मोकळीक दिली. त्या निकालाचा दाखला आज कुठल्याही गावातली मुलगी देऊ शकते, तोही त्या दोघी उघडपणे न्यायालयात उभ्या राहिल्या म्हणून. व्यक्ती दिसण्याआधी इतिहास दिसू द्यावा आणि जोखीम संस्थांनी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्या वाचनालयात या विषयाची चार पुस्तके असली, तर त्यासाठी कोणालाही स्वतःविषयी काही सांगावे लागणार नाही.

कृष्णाकाठ
पुस्तके ठेवायला माझा विरोध नाही. पण आमच्या वाचनालयात कोणी कोणते पुस्तक नेले, हे नोंदवहीत लिहिले जाते आणि ती वही टेबलावर उघडी असते. ज्या मुलीला हे पुस्तक हवे आहे, ती ते घरी नेणारच नाही.

जुना वाचक
उत्सवाबद्दलचे माझे मत कायम आहे. परंतु मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, आणि अशी पुस्तके मासिकांच्या टेबलावर, नोंद न करता, तिथेच बसून वाचण्यासाठी ठेवता येतील. पुस्तकांची नावे सुचवावीत. पुढच्या बैठकीत विषय मांडतो.